इंग्रजी वाक्याचे सांधे: जोडणारे शब्द आणि क्रियाविशेषणं एकत्र कशी बसवायची

ही दोन वाक्यं पाहा.

‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट.’
‘इट वॉज रेनिंग, हाऊएव्हर वी वेंट आउट.’

पाऊस पडत होता, पण आम्ही बाहेर पडलो, असाच दोन्हींचा अर्थ. पहिलं वाक्य बिनचूक आहे. दुसरं बोलण्यात खपून जाईल, पण परीक्षेच्या पेपरात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये खटकेल. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘पण, परंतु’ असंच दिलेलं असतं, म्हणून नेमकं काय चुकलं ते लवकर लक्षात येत नाही. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे, म्हणजे दोन वाक्यं सांधणारा शब्द. ‘हाऊएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे. अर्थाची छटा दाखवणं त्याला जमतं, सांधणं जमत नाही. अव्ययांचे प्रकार शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. घोडं अडतं ते हे दोन प्रकार एकाच वाक्यात शेजारी शेजारी आले की.

पायरी १: शब्द हलवून पाहा

एखादा शब्द कुठल्या जातीचा हे ठरवायला व्याख्या लागत नाही. तो जागचा हलतो का, तेवढं पाहायचं.

‘वी, हाऊएव्हर, वेंट आउट.’ चालतं.
‘वी वेंट आउट, हाऊएव्हर.’ हेही चालतं.
‘वी बट वेंट आउट.’ अजिबात चालत नाही.

जोडणारा शब्द आपल्या उपवाक्याच्या तोंडाशी घट्ट बसलेला असतो आणि क्रियाविशेषण त्या उपवाक्यात हिंडू शकतं. बट, हाऊएव्हर, सो, देअरफोर, ऑल्दो, नेव्हरदलेस, सगळ्यांना ही एकच परीक्षा लावता येते.

जोडणाऱ्या शब्दांतही दोन गट आहेत. पहिला सात जणांचा: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. इंग्रजी शाळांत यांची आद्याक्षरं जुळवून ‘फॅनबॉइज’ असा शब्द पाठ करून घेतात. त्यातला ‘कारण’ या अर्थाचा ‘फॉर’ बोलण्यातून जवळजवळ गेलेला आहे, त्यामुळे रोजच्या वापराला सहाच उरतात. दुसऱ्या गटात बिकॉज, ऑल्दो, इफ, अनलेस, व्हेन, व्हाइल, अन्टिल, सिन्स वगैरे. या गटाचं उपवाक्य अख्खंच्या अख्खं पुढे आणता येतं: ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड इन.’ पहिल्या गटाला ही मुभा नाही. ‘बट वी वेंट आउट, इट वॉज रेनिंग’ असं कुणी म्हणत नाही.

पायरी २: एका सांध्याला एकच जोड

मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्याचं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीला जोड्या आवडतात: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत. एक शब्द या उपवाक्यात, दुसरा त्या. इंग्रजीत दोन उपवाक्यांच्या सांध्याला एकच जोडणारा शब्द पुरतो.

‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही केम.’ चूक. ‘जरी’ची जागा ‘ऑल्दो’ने घेतली, मग ‘तरी’साठी ‘बट’ आणला. दोघांपैकी एकाला घरी पाठवा:

‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही केम.’
‘ही वॉज टायर्ड, बट ही केम.’

‘बिकॉज… सो’चंही तसंच. ‘बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द ट्रेन’ यात एक शब्द जास्तीचा आहे. ‘बिकॉज’ ठेवा किंवा ‘सो’ ठेवा.

मग ‘तरी’चा तो जोर इंग्रजीत आणायचाच असेल तर? तिथे क्रियाविशेषण मदतीला येतं. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही स्टिल केम.’ हे अगदी शुद्ध आहे, कारण ‘स्टिल’ जोडायचं काम करतच नाही. तो क्रियापदाजवळ बसून ‘तरीही’ची छटा देतो. ‘इफ… देन’सुद्धा याच कारणाने चालतं, कारण ‘देन’ क्रियाविशेषण आहे. रोजच्या बोलण्यात मात्र तो बहुतेकदा गाळतात: ‘इफ यू आर फ्री, कॉल मी.’ ‘व्हेन ही केम, देन आय लेफ्ट’ यातला ‘देन’ व्याकरणाच्या फूटपट्टीने चूक ठरेलच असं नाही, पण कानाला परका लागतो. तो काढूनच टाका.

‘जोपर्यंत’ची गोष्ट जरा वेगळी आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी येत नाही तोपर्यंत थांब.’ त्या ‘नाही’सकट वाक्य इंग्रजीत गेलं की ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम’ होतं, आणि ऐकणारा गोंधळतो. ‘अन्टिल’पुढे घडणारी गोष्ट सरळ सांगायची: ‘वेट अन्टिल आय कम.’ ‘अनलेस’च्या पोटातही नकार आधीपासून आहे, म्हणून ‘तू विचारलं नाहीस तर तो सांगणार नाही’ याचं इंग्रजी ‘ही वोन्ट टेल यू अनलेस यू आस्क’. ‘अनलेस यू डोन्ट आस्क’ म्हटलंत तर अर्थ उलटा होईल. जाता जाता इथलीच आणखी एक खूणगाठ: पुढे घडायची गोष्ट सांगताना इफ, व्हेन, अन्टिल, अनलेस, ॲज सून ॲज यांच्या उपवाक्यात ‘विल’ येत नाही. ‘व्हेन आय विल रीच’ असं म्हणत नाहीत, ‘व्हेन आय रीच’ म्हणतात.

पायरी ३: क्रियाविशेषणाच्या तीन जागा

सांध्यावर एक शब्द बसला, आता क्रियाविशेषण कुठे ठेवायचं? एक साधं वाक्य घेऊ आणि ते हळूहळू भरत जाऊ.

‘शी कॉल्ड, बट आय हॅड लेफ्ट.’ तिने फोन केला, पण मी निघालेलो होतो.

पहिली जागा जोडणाऱ्या शब्दाच्या लगेच पुढची. तिथे बोलणाऱ्याचा शेरा बसतो, म्हणजे दुर्दैवाने, सुदैवाने, खरं तर, बहुधा असे शब्द: ‘शी कॉल्ड, बट अनफॉर्च्युनेटली आय हॅड लेफ्ट.’ क्रम उलटवता येत नाही. ‘अनफॉर्च्युनेटली बट’ होणार नाही, कारण उपवाक्याच्या तोंडाशी बसायचा मान जोडणाऱ्या शब्दाचा.

दुसरी जागा क्रियापदाजवळची: ‘बट अनफॉर्च्युनेटली आय हॅड ऑलरेडी लेफ्ट.’ ऑलरेडी, ऑल्वेज, नेव्हर, यूज्वली, जस्ट, स्टिल, प्रॉबब्ली ही मंडळी इथली. मुख्य क्रियापद एकटं असेल तर त्याच्या आधी, ‘ही ऑल्वेज कम्स लेट’. सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर, ‘ही हॅज ऑल्वेज कम लेट’. आणि इज, आर, वॉज असेल तर त्याच्याही नंतर, ‘ही इज ऑल्वेज लेट’. आधी जोडणारा शब्द आला म्हणून यात काही बदलत नाही: ‘आय डोन्ट वेट फॉर हिम बिकॉज ही इज ऑल्वेज लेट.’

तिसरी जागा शेवटची. कसं, कुठे, कधी हे सांगणारे शब्द तिथे जातात: ‘शी कॉल्ड ट्वाइस यस्टरडे, बट अनफॉर्च्युनेटली आय हॅड ऑलरेडी लेफ्ट द ऑफिस बाय देन.’ आता वाक्य भरलं. तिन्ही जागा एकाच वेळी भरल्या, तरी सांधा ‘बट’नेच पेललाय.

दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर ‘अँड’ नंतर तो गाळतात आणि क्रियाविशेषण थेट ‘अँड’ला चिकटतं: ‘शी ओपन्ड द डोअर अँड क्वाएटली वॉक्ड इन.’ इथे क्वाएटली फक्त चालत आत येण्याबद्दल आहे. दार कसं उघडलं ते वाक्य सांगत नाही. तेच ‘शी क्वाएटली ओपन्ड द डोअर अँड वॉक्ड इन’ असं लिहिलं, तर दोन्ही क्रिया हलक्या पावलांनी झाल्यासारख्या वाटतात. क्रियाविशेषण सांध्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्याचा पल्ला ठरतो.

पायरी ४: तयार जोड्या

काही जोड्या इतक्या मुरलेल्या आहेत की त्या एका दमात शिकाव्यात. अँड देन म्हणजे आणि मग. अँड सो, आणि म्हणून. ऑर एल्स, नाहीतर. यात बरेचदा धमकीचा वास असतो, ‘हरी अप, ऑर एल्स वी विल मिस इट.’ ऑर रादर, किंवा खरं म्हणजे. बोलता बोलता स्वतःलाच दुरुस्त करताना: ‘ही इज माय बॉस, ऑर रादर, ही वॉज.’

‘अँड येट’ ही माझी आवडती जोडी. ‘आणि तरीही’. ‘शी हॅड एव्हरी रीझन टू लीव्ह, अँड येट शी स्टेड.’ ‘बट’ने फक्त विरोध दिसला असता. ‘अँड येट’मध्ये थोडं आश्चर्यही येतं. ‘बट स्टिल’ त्याचं घरगुती भावंड: ‘इट्स एक्स्पेन्सिव्ह, बट स्टिल, आय लाइक इट.’

‘बट देन’ फसवं आहे. शब्दशः ‘पण मग’ वाटतं, आणि कधी कधी तसं असतंही. पण गप्पांमध्ये त्याचा अर्थ बरेचदा ‘तसं पाहिलं तर त्यात नवल काय’ असा असतो: ‘ही फर्गॉट माय बर्थडे. बट देन, ही फर्गेट्स एव्हरीथिंग.’ आधी तक्रार, मग आपणच तिची धार कमी करायची. इंग्रजी मालिका पाहताना या जोडीकडे कान ठेवा, वारंवार सापडेल.

दोन एकाच अर्थाचे शब्द मात्र एकत्र बांधू नका. ‘बट हाऊएव्हर’ म्हणजे ‘पण परंतु’. ‘सो देअरफोर’ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या तोंडीही ऐकू येतं, पण लिहिताना एकच ठेवावा. ‘अँड देअरफोर’ मात्र योग्य आहे: ‘अँड’ जोडतो, ‘देअरफोर’ परिणाम दाखवतो, आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

पायरी ५: जोडणाऱ्या शब्दाच्या आधी बसणारं क्रियाविशेषण

उपवाक्याच्या तोंडाशी जोडणारा शब्द, असं वर म्हटलं. त्याला एक सन्माननीय अपवाद आहे. ईव्हन, ओन्ली, जस्ट, एस्पेशली, मेनली, पार्टली असे शब्द त्याच्याही पुढे जाऊन बसतात आणि अख्ख्या उपवाक्यावर जोर देतात. मराठीत हे काम ‘च’ आणि ‘सुद्धा’ करतात, पण ते शब्दाच्या मागे लागतात: आलास तरच, आला तरीसुद्धा. इंग्रजीत ते आधी येतात: ‘ओन्ली इफ यू कम’, ‘ईव्हन इफ ही कम्स’.

‘ईव्हन इफ’ आणि ‘ईव्हन दो’ यांत गल्लत होते. पाऊस खरोखर पडतोय आणि तरी जायचंय, तर ‘ईव्हन दो इट इज रेनिंग, आय ॲम गोइंग’. पडेल की नाही माहीत नाही, पडला तरी जाणार, तर ‘ईव्हन इफ इट रेन्स, आय विल गो’. घडलेल्या गोष्टीला ‘दो’, शक्यतेला ‘इफ’. आणि ‘ईव्हन’ एकटा काहीच जोडत नाही. ‘ईव्हन आय वॉज टायर्ड, आय वेंट’ या वाक्याचा सांधाच निखळलेला आहे. तिथे ‘ईव्हन दो’ हवं.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ हेही वेगळे. पहिलं म्हणजे अट, दुसरं म्हणजे हळहळ: ‘इफ ओन्ली आय हॅड नोन!’ मला आधी कळलं असतं तर!

‘बिकॉज’जवळ थोडं थांबू, कारण तिथे क्रियाविशेषण नुसतं सजावटीचं राहत नाही. हे वाक्य घ्या:

‘ही डिडन्ट लीव्ह बिकॉज ही वॉज अँग्री.’

तो रागावला होता म्हणून गेला नाही? की तो गेला, पण रागामुळे नव्हे? दोन्ही अर्थ निघतात. बोलताना सूर निभावून नेतो, कागदावर सूर नसतो. ‘बिकॉज’च्या आधी ‘जस्ट’ किंवा ‘सिंपली’ घाला: ‘ही डिडन्ट लीव्ह जस्ट बिकॉज ही वॉज अँग्री.’ आता वाचणारा दुसऱ्याच अर्थाकडे वळतो: गेला खरा, पण निव्वळ रागापायी नव्हे. पहिला अर्थ हवा असेल तर कारण पुढे आणा: ‘बिकॉज ही वॉज अँग्री, ही डिडन्ट लीव्ह.’ नकारार्थी वाक्याच्या शेपटाला ‘बिकॉज’ लावलात की ते वाक्य एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाचा.

वेळेच्या शब्दांपुढेही अशी क्रियाविशेषणं येतात: सून आफ्टर, लाँग बिफोर, राइट आफ्टर, एव्हर सिन्स. ‘शी लेफ्ट राइट आफ्टर यू केम.’ तू आलास आणि लगेच ती गेली. ही पाठ न करताही अंगवळणी पडतात.

पायरी ६: क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं तेव्हा

काही शब्द वाक्याच्या तोंडाशी आले की पुढची रचना प्रश्नासारखी होते. रोजच्या बोलण्यातली यातली दोनच महत्त्वाची: ‘सो डू आय’ आणि ‘नायदर डू आय’. समोरचा म्हणाला ‘आय ॲम टायर्ड’, तर ‘सो ॲम आय’. तो म्हणाला ‘आय डोन्ट नो’, तर ‘नायदर डू आय’. मीसुद्धा, मीही नाही. सहायक क्रियापद समोरच्याच्या वाक्यातून उचलायचं. ‘नॉर’ही याच पंगतीतला: ‘ही डिडन्ट कॉल, नॉर डिड ही राइट.’

‘ओन्ली व्हेन’ने सुरुवात केली तर उलटापालट मुख्य उपवाक्यात होते, ‘व्हेन’च्या उपवाक्यात नाही: ‘ओन्ली व्हेन ही स्पोक डिड आय रेकग्नाइज हिम.’ तो बोलला तेव्हाच मी त्याला ओळखलं. ‘नॉट अन्टिल’ही असंच वागतं.

‘हार्डली… व्हेन’ आणि ‘नो सूनर… दॅन’ यांचं परीक्षांना फार वेड. ‘नो सूनर हॅड आय सॅट डाउन दॅन द फोन रँग.’ लक्षात ठेवायचं ते इतकंच: ‘सूनर’ तुलनेचं रूप आहे, म्हणून सोबत ‘दॅन’ येतो, ‘हार्डली’सोबत ‘व्हेन’. बोलताना मात्र ‘ॲज सून ॲज आय सॅट डाउन, द फोन रँग’ म्हणा. चहा पिताना ‘नो सूनर’ म्हणणारा माणूस भाषण द्यायला उभा राहिल्यासारखा वाटतो.

पायरी ७: दुहेरी नोकरी करणारे शब्द

‘येट’ शेवटी आला तर ‘अजून’: ‘ही हॅजन्ट कम येट.’ सांध्यावर आला तर ‘तरी’. ‘सो’ सांध्यावर ‘म्हणून’, विशेषणाआधी ‘इतका’: ‘इट वॉज सो हॉट दॅट वी केम बॅक.’ ‘सो दॅट’ एकत्र आले की बहुतेकदा ‘जेणेकरून’: ‘स्पीक अप सो दॅट एव्हरीवन कॅन हिअर.’ ‘वन्स’ म्हणजे एकदा, आणि सांध्यावर ‘एकदा का’: ‘वन्स यू स्टार्ट, यू कान्ट स्टॉप.’

‘दो’ या सगळ्यांत उपयोगी. उपवाक्याच्या सुरुवातीला ‘जरी’, आणि वाक्याच्या शेवटी क्रियाविशेषण होऊन ‘पण’: ‘द रूम इज स्मॉल. आय लाइक इट, दो.’ खोली लहान आहे. आवडली पण. मराठीतही आपण ‘पण’ असा शेवटी टाकतोच, त्यामुळे हे वळण आपल्याला लवकर जमायला हवं. ‘ऑल्दो’ला मात्र शेवटी बसता येत नाही.

‘हाऊएव्हर’चंही दुसरं रूप आहे. पुढे स्वल्पविराम नसेल आणि विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल, तर त्याचा अर्थ ‘कितीही’ होतो: ‘हाऊएव्हर हार्ड आय ट्राय, आय फर्गेट.’ कितीही प्रयत्न केला तरी विसरतोच. आणि गंमत म्हणजे या रूपात तो खरोखरच उपवाक्य जोडतो.

पायरी ८: विरामचिन्हं

अँड, बट, सो यांनी दोन पूर्ण वाक्यं जोडली की त्यांच्याआधी स्वल्पविराम. ‘बिकॉज’चं किंवा ‘इफ’चं उपवाक्य पुढे आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, मागे असेल तर सहसा काहीच नाही. हाऊएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, अदरवाइज, इन्स्टेड यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. लेखाच्या सुरुवातीचं वाक्य असं सुधारेल: ‘इट वॉज रेनिंग; हाऊएव्हर, वी वेंट आउट.’ मराठीत विरामचिन्हं १९व्या शतकात मेजर कँडी यांनी रूढ केली आणि अर्धविरामही तेव्हाच आला, पण आपण तो क्वचितच वापरतो, म्हणून इंग्रजी लिहितानाही तो हाताला येत नाही. न आला तर पूर्णविराम द्या, काही बिघडत नाही.

‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये, हा शाळेतला दंडक मनावर घेऊ नका. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली जवळजवळ सगळी वचनं ‘अँड’ने सुरू होतात.

पायरी ९: आपल्याच लिखाणाची झडती

लिहून झालेला परिच्छेद घ्या. प्रत्येक जोडणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा, प्रत्येक क्रियाविशेषणाभोवती गोल करा. मग तीनच प्रश्न विचारा: या सांध्याला दोन रेघा पडल्यात का? नुसता गोल असलेला शब्द सांधा पेलतोय का? आणि तो गोल हलवला तर अर्थ बदलतो का? उदाहरणादाखल हा मजकूर:

‘ऑल्दो आय स्टार्टेड अर्ली, बट आय रीच्ड लेट. देअरफोर द मीटिंग ऑलरेडी हॅड बिगन. आय वेटेड आउटसाइड अन्टिल दे डिडन्ट कॉल मी, हाऊएव्हर नोबडी केम.’

पहिल्या वाक्यात एका सांध्याला दोन जोड. ‘देअरफोर’ व्याकरणात बसतो, अर्थात बसत नाही: मला उशीर झाला म्हणून काही मीटिंग सुरू झाली नव्हती. ‘ऑलरेडी’ सहायक क्रियापदाच्या चुकीच्या बाजूला. ‘अन्टिल’मध्ये जास्तीचा नकार. तो नकार काढूनही भागत नाही, कारण ‘त्यांनी बोलावेपर्यंत थांबलो’ म्हटलं की बोलावलं असा अर्थ होतो, आणि इथे तर कुणी आलंच नाही. शेवटी ‘हाऊएव्हर’वर सांध्याचा भार. दुरुस्त करून:

‘आय स्टार्टेड अर्ली बट स्टिल गॉट देअर लेट, अँड बाय देन द मीटिंग हॅड ऑलरेडी बिगन. आय वेटेड आउटसाइड फॉर देम टू कॉल मी इन. नोबडी केम, दो.’

औपचारिक पत्र असेल तर शेवटचं वाक्य ‘हाऊएव्हर, नोबडी केम’ असं करा. मित्राला मेसेज असेल तर ‘दो’च राहू द्या.